बसव्वाच्या नंबरवरून

त्या वर्षी धम्मप्रिया बनसोडेला साठ माणसं शोधायची होती. कुणाला झोप लागत नाही, कुणाला दारूनं पोखरलंय, कुणाला जगणंच नकोसं झालंय, अशा कारणांनी या साठही जणांनी एका हेल्पलाईनला फोन केला होता. आणि साठही जण मधेच कधीतरी गप्प झाले होते.

हेल्पलाईन पुण्याची एक संस्था चालवायची. आधी तिथं माणसं माणसांशी बोलायची. मागच्या जूनपासून फोन कमी केले आणि मोबाईलवर संदेश सुरू झाले. रोज सकाळी आठ वाजता एकच प्रश्न यायचा: ‘आज तुम्हाला कसं वाटतंय? एक ते पाचमधला आकडा पाठवा. आणखी काही सांगायचं असेल तर लिहा.’ लिहिलेलं आधी यंत्र वाचायचं, आणि त्याला गरज वाटली तरच ते एखाद्या समुपदेशकाकडं जायचं. या बदलानं लोकांना मदत जास्त मिळाली की कमी, हे तपासायचं काम सोलापुरातल्या एका संशोधन प्रकल्पाकडं आलं होतं. धम्मप्रिया त्या प्रकल्पात सहायक होती. वय छत्तीस, करार मार्चअखेरपर्यंत. घरी आई, आईचे गुडघे आणि चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा तिची अडतीस माणसं झाली होती. माढ्याच्या बाजूला दोन गावं, उजनीच्या पाण्याकाठी तीन, बाकी शहरात. एसटीनं जायचं, पत्ता विचारत फिरायचं, दारात उभं राहून ओळख द्यायची, संमतीपत्र वाचून दाखवायचं आणि मग ऐकायचं. चालून पाय दुखायचे ते रात्रीत उतरायचे. ऐकलेलं उतरत नव्हतं. घरी आल्यावर आई काही बोलायला लागली की ती म्हणायची, “आई, उद्या सांग.” असं किती दिवस चाललं होतं ते तिनं मोजलं नव्हतं.

एकोणचाळिसावा क्रमांक सोलापूरजवळच्या कुंभारीचा होता. नाव बसव्वा, वय अठ्ठावन्न, काम विड्या वळणं. यादीत तिच्या नावापुढं लिहिलं होतं: सुधारणा. सेवा पूर्ण.

कामगारांच्या वसाहतीत एकसारख्या घरांच्या रांगा होत्या. बसव्वा उंबऱ्याला पाठ टेकून बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं चालूच होती.

“बसा की,” ती म्हणाली. “मी उठत न्हाय. उठलं की गुडघं बोलत्यात.”

“नका उठू मावशी. आमच्या आईचंही तसंच आहे,” धम्मप्रिया म्हणाली आणि समोर बसली. कशासाठी आलेय ते तिनं सांगितलं. बसव्वानं संमतीपत्र नीट ऐकलं, अंगठा दिला आणि पुन्हा विडी वळायला घेतली.

“मोबाईलवर रोज प्रश्न यायचा, तो कोण वाचायचं?”

“पोरगी. माजी नात. संस्कृती नाव तिचं. नववीला हाय. मला कुटं वाचता येतंय?”

“मग तुम्ही तिला सांगायचात आणि ती लिहायची?”

“व्हय. मी म्हनायची, चार लिव्ह.”

“रोज चारच?”

“पाच म्हटलं तर खोटं वाटंल की.” बसव्वानं दोरा दाताखाली तोडला. “आन् दोन म्हटलं तर पोरगी घाबरंल. तिच्या तोंडाकडं बघून दोन कसं म्हनायचं, ताई? तिला माज्याशिवाय कोन हाय?”

मग तिनं सांगितलं. मुलगा कल्लप्पा टॉवेलच्या कारखान्यात होता. दोन वर्षांमागं, उसाच्या दिवसांत, संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येताना अक्कलकोट रोडला उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. सून पुढं वर्षभरानं इंडीला माहेरी गेली, तिचं दुसरं लग्न झालं. पोरीला न्यायला ती तयार होती, पण पोरगी गेली नाही.

“मला झोपच लागंना. तवा दवाखान्याच्या आशाबाईनं हेल्पलाईनचा नंबर दिला. तितं एक बाई होती, ऋतुजा. लई चांगली. आमच्या अक्कलकोट बाजूचीच. मधेच दोन वाक्यं कन्नडात बोलायची. दर गुरवारी फोन करायची. पोरगी शाळंत, मी एकटीच घरात. मी बोलायची, रडायची, मग भाकरी टाकायची.” तिनं नवं पान घेतलं. “मग फोन बंद झालं आन् ही आकड्याची भानगड आली.”

“नंतर तुम्ही आकडा पाठवणं का थांबवलंत?”

“मी कुटं थांबवलं? दिवाळीच्या आदी पोरीनंच बंद केलं. म्हनली, आज्जी, आता ते येत न्हाईत. का येत न्हाईत ते मी इचारलं न्हाय.”

जाताना धम्मप्रियानं फोन पाहायला मागितला. जुना फोन होता. काचेच्या कोपऱ्यापासून मधोमध तडा गेलेला, वरून चिकटपट्टी लावलेली.

“कल्लप्पाचाच हाय,” बसव्वा म्हणाली. “तेवडं वाचलं त्याच्या खिशातलं.”

दुसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या खोलीत पंख्याखाली बसून धम्मप्रियानं एकोणचाळीस नंबरची फाईल उघडली. आकड्यांचा रकाना तिला अपेक्षित होता तसाच होता. चार, चार, चार. आकड्यांनंतर मात्र लिहिलेला मजकूर होता, आणि तो पुष्कळ होता. सगळा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. शाळेतली पोरं एकमेकांना लिहितात तशी. यंत्राला देवनागरी वाचता यायची आणि इंग्रजी भाषा वाचता यायची. इंग्रजी लिपीतली मराठी त्याला कळत नव्हती. म्हणून त्यानं त्यातलं काहीच समुपदेशकाकडं पाठवलं नव्हतं. फक्त आकडा उचलला होता.

धम्मप्रिया हळूहळू वाचत गेली.

‘आज सहामाहीचा पेपर होता. येत होतं तरी लिहिलं नाही.’

‘आजी झोपेत पप्पांचं नाव घेते. मी जागी असते हे तिला माहीत नाही.’

‘तुम्ही कोण आहात? बाई की माणूस?’

त्याखाली यंत्राचं उत्तर: ‘तुमचा संदेश मिळाला. धन्यवाद. तुमचा दिवस चांगला जावो.’

मग एका दिवशी: ‘पप्पा गाडीवर होते तेव्हा मी फोन केला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी त्यांनी खिशातून काढला असेल. तेव्हाच झालं असेल. हे मी कुणाला सांगितलं नाही.’

उत्तर: ‘तुमचा संदेश मिळाला. धन्यवाद.’

शेवटचा संदेश ऑक्टोबरातला होता. ‘मला पप्पांकडं जावंसं वाटतं. कुणी वाचतंय का?’ त्याच दिवसाचा आकडा होता चार. उत्तर तेच. त्यानंतर तीन आठवडे यंत्रानं सकाळी आठला प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही, आणि शेवटचा आकडा चांगला म्हणून फाईल बंद केली. सुधारणा. सेवा पूर्ण.

धम्मप्रिया उठून व्हरांड्यात गेली. नळाला पाणी नव्हतं. ती तशीच परत आली आणि त्याच फाईलमधल्या जुन्या नोंदी तिनं काढल्या. ऋतुजानं बसव्वाशी फोनवर बोलून लिहिलेल्या. सातव्या गुरुवारची नोंद चार ओळींची होती. ‘आज प्रथमच सांगितलं. त्या संध्याकाळी उशीर झाला म्हणून नातीला “बापाला फोन लाव, कुटं हाय बघ” असं त्याच म्हणाल्या. एकदा नाही उचलला तर पुन्हा लाव म्हणाल्या. तो फोन घेतानाच अपघात झाला असं वाटतं. नातीला हे कळू नये म्हणून कधी विषय काढत नाहीत.’

धम्मप्रियानं ती नोंद दोनदा वाचली. एकाच नंबरवरून, एकाच फोनवरून, दोघींनी एकच गोष्ट सांगितली होती. आजीनं बोलून, नातीनं लिहून. फोनवर सांगितलेलं फाईलच्या एका भागात गेलं, लिहिलेलं दुसऱ्यात. आणि घरात त्या दोघी दहा बाय बाराच्या खोलीत शेजारी शेजारी झोपत होत्या.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. इंद्रजीत शेळके यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर अहवालाचा मसुदा होता, त्यात कोष्टकं होती. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“संशोधनाच्या दृष्टीनं ही नोंद बाद होते,” ते म्हणाले. “माहिती देणारी व्यक्ती वेगळी, उत्तर देणारी वेगळी.”

“सर, मुलगी चौदा वर्षांची आहे.”

“तेच म्हणतोय. संशोधनाचं ते नंतर बघू. आधी ऋतुजाला कळवा. तोंडी आजच, लेखीही आजच. नियमच आहे तसा.” मग ते म्हणाले, “आणि एक लक्षात ठेवा. आजीनं सांगितलेलं नातीला, नातीनं लिहिलेलं आजीला, तुम्ही सांगायचं नाही. ते त्यांचं आहे.”

“मग मी करू काय?”

“मलाही माहीत नाही, धम्मप्रिया,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

ऋतुजा होटगी रोडला राहायची. घरातल्या बैठकीच्या खोलीत, पडद्याआड, लॅपटॉप आणि हेडफोन. तिशीची बाई, डोळ्यांखाली काळं. धम्मप्रियानं दाखवलेला मजकूर वाचताना तिचा हात तोंडावर गेला.

“हे मला आलंच नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडं दिवसाला दीडशे-पावणेदोनशे माणसं असतात आता. स्क्रीनवर नाव लाल झालं की मी त्या माणसाकडं वळते. हे कधी लाल झालंच नाही.” मग म्हणाली, “बसव्वाचे गुरुवारचे फोन बंद करायला सांगितले तेव्हा मी एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.”

तिनं तिथूनच बसव्वाच्या नंबरला फोन लावला. शाळा सुटलेली होती. वाजला आणि कुणीतरी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा लावायला तिचं बोट पुढं झालं तसं धम्मप्रियानं तिचा हात धरला.

“नको,” ती म्हणाली. “तीनदा नको. मी जाते उद्या.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. धम्मप्रिया दुपारी कुंभारीत पोचली तेव्हा वसाहतीत पाणी आलं होतं आणि संस्कृती घागरी भरत होती. उंच, बारीक पोरगी. वेणी ओली झालेली. धम्मप्रियानं न विचारता एक घागर उचलली. दोघींनी मिळून पिंप भरलं. बसव्वा विड्यांचे कट्टे टोपलीत रचून बाहेर पडायच्या बेतात होती.

“मी कारखान्यात विड्या जमा करून येते,” ती म्हणाली. “लई रांग असती. दोन घंटं तरी जात्यात.” आणि जाताना नातीकडं न बघता म्हणाली, “ताईंना च्या दे. बोला दोघी.”

संस्कृतीनं चहा पसरट पितळीत ओतून पुढं ठेवला. मग धम्मप्रिया म्हणाली, “संस्कृती, मी एक चूक केलीय. फोनवरून गेलेलं सगळं मी वाचलं. आजीचं समजून वाचायला घेतलं. तुझं आहे हे नंतर कळलं. तुला विचारलं नव्हतं, म्हणून सांगतेय.”

पोरीचा चेहरा लाल झाला. तिनं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली.

“मला वाटलं कुणी वाचतच नाही.”

“खरंय. कुणी वाचलं नव्हतं. चार महिन्यांनी मी वाचलं. फार उशीर केला आम्ही.”

“मग आधी ‘संदेश मिळाला’ असं कोण म्हणायचं?”

“यंत्र.”

संस्कृतीनं मान हलवली. “मला तसंच वाटलं होतं. एकदा मी नुसते ठिपके पाठवले होते. तरी धन्यवाद आलं.”

“काल ऋतुजा मॅडमनी फोन केला होता.”

“मी फोन घेत नाही,” ती पटकन म्हणाली. “कुणाचाच नाही. लावतही नाही. वाजला की आजीकडं देते, नाहीतर कापते. तुम्ही वाचलंय ना, मग तुम्हाला माहितीय.”

“हो.”

बाहेर कुणीतरी नळावर भांडत होतं. संस्कृतीनं उठून दार लोटून घेतलं.

धम्मप्रियाला जे विचारायचं होतं ते तिनं सरळ विचारलं. “तू लिहिलं होतंस, पप्पांकडं जावंसं वाटतं. अजून वाटतं तसं?”

“कधी कधी.”

“त्यासाठी काही करावंसं वाटतं?”

संस्कृतीनं ओली वेणी पिळली. “एकदा पाण्याच्या टाकीवर चढले होते. नुसतीच बसले. मग आजीनं हाक मारली, भाकरी झाल्या म्हणून. उतरले.” मग म्हणाली, “मी नसले तर तिला गोळ्या कोण वाचून देणार? ती सकाळची रात्री खाते.”

धम्मप्रियानं थंड झालेला चहा संपवला. तिला घरी जाऊन झोपावंसं वाटलं. आणि त्याच वेळी इथून हलता येणार नाही हेही कळत होतं.

“सोलापुरात सरकारी दवाखान्यात एक मॅडम आहेत,” ती म्हणाली. “मंगळवारी मुलांसाठी बसतात. फोन नाही, यंत्र नाही, समोरासमोर. मी तुला घेऊन जाईन. पण तू लहान आहेस, आजी बरोबर लागेल. तिला थोडं तरी सांगावं लागेल.”

“ती मरेल ऐकून.”

“नाही मरणार.”

“तुम्हाला काय माहीत?”

धम्मप्रियाला माहीत होतं. तेच तिला सांगता येत नव्हतं. तिनं सरांचा शब्द आठवला, ऋतुजाच्या त्या चार ओळी आठवल्या, आणि नियमाच्या काठावर उभं राहून जेवढं म्हणता येईल तेवढंच म्हटलं. “मी तुझ्या आजीचं काही सांगणार नाही. पण त्या संध्याकाळचं तू तिला एकदा विचार. तिला काय आठवतंय ते.”

संस्कृतीनं वर पाहिलं. “तुम्ही इथं असताना विचारू?”

“विचार.”

बसव्वा आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं टोपली ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि खाली बसली. दोघींची तोंडं बघून म्हणाली, “काय झालं?”

संस्कृती भिंतीला टेकून उभी होती. “आज्जी, ते आकडे पाठवायचे ना, तेव्हा मी माझंपण लिहायचे.”

“म्हाईत हाय मला.”

“काय माहीत आहे?”

“चार लिवायला येवडा येळ लागतोय व्हय? अर्धा अर्धा घंटा टकटक करत बसायचीस. मी सूप घिऊन भाईर जायची की. म्हटलं लिवतीया तर लिवू दे. माज्याजवळ बोलत न्हाय, निदान तितं तरी बोलतीया.”

पोरीला हे अपेक्षित नव्हतं. मग जे बोलायचं होतं ते एका दमात बोलली. पप्पा गाडीवर होते, मी फोन केला, तीनदा केला, त्यांनी तो काढला असेल, माझ्यामुळं झालं.

बसव्वाचा हात पदराकडं गेला आणि तिथंच राहिला.

“कुनी सांगितलं तुला फोन लावायला?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“त्या सांजंला. आटव. तू अब्यास करत हुतीस. मी म्हटलं, बापाला फोन लाव, कुटं हाय बघ. त्यानं उचलला न्हाय. तू म्हनलीस, आज्जी, गाडीवर असतील. मी म्हटलं, परत लाव. तिसऱ्यांदाबी मीच म्हटलं. भाकरी गार व्हायलीत म्हनून.” तिनं नातीकडं बघितलं. “तू नगं म्हनत हुतीस. इसरलीस व्हय?”

संस्कृतीनं डोळे मिटले होते. काहीतरी आत शोधत असल्यासारखे.

“दोन वर्षं मी देवाला म्हनतीया, पोरीला ते आटवू नगं. आन् तुला भलतंच आटवत हुतं. अग यव्वा…”

धम्मप्रियाला वाटलं होतं, पोरगी आजीच्या गळ्यात पडेल. तसं झालं नाही. संस्कृतीनं डोळे उघडले आणि ती ओरडलीच.

“मग सांगायचं नाही का मला! दोन वर्षं! त्या गुरुवारच्या बाईला सांगितलं असशील ना फोनवर? त्यांना सांगितलंस आणि मला नाही!”

“तू कुटं इचारलंस?”

“मी कशी विचारणार!”

ती चपला न घालता बाहेर गेली. धम्मप्रिया तिच्या मागं धावली. वसाहतीच्या टोकाला, बाभळीखाली, संस्कृती दगडावर बसून हमसून हमसून रडत होती. धम्मप्रिया तिच्यापासून हातभर अंतरावर बसली. पाऊण तासानं बसव्वा गुडघे धरत धरत आली, हातात चपला घेऊन. त्या नातीच्या पायाशी ठेवल्या आणि तीही मातीत बसली. अंधार पडायला लागला तेव्हा तिघी उठल्या.

त्या रात्री काय करायचं ते धम्मप्रियानं बसव्वाला नीट समजावलं. शेजारच्या चंद्रव्वालाही दोन शब्द सांगून ठेवले: पोरीला एकटं सोडू नका, टाकीच्या जिन्याला कुलूप लावायला सांगा, काही वाटलं तर थेट मला फोन करा, वेळ बघू नका. फोन आला नाही. पण धम्मप्रिया फोन उशाशी घेऊनच पडून राहिली.

पुढचे दोन दिवस संस्कृती आजीशी बोलली नाही. मंगळवारी मात्र दोघी दवाखान्याच्या फाटकाशी आल्या, पोरगी शाळेच्या गणवेशात, बसव्वा धुतलेलं लुगडं नेसून. केसपेपरची रांग, मग दुसरी रांग, मग बाकावर तीन तास. शेवटी नाव पुकारलं आणि संस्कृती आत गेली. एकटीच जाते म्हणाली.

बाकावर बसव्वा आणि धम्मप्रिया. समोर भिंतीवर तंबाखूच्या दुष्परिणामांचं पोस्टर होतं. बसव्वा ते चित्र बघत होती.

“किती जनांकडं जाता तुमी असं?” तिनं विचारलं.

“साठ. तुमच्यानंतर अजून दोन झाले. एकोणीस राहिलेत.”

“आन् समद्यांचं असंच?”

“कमी-जास्त.”

बसव्वानं मान डोलावली. “तुमचं कोन ऐकतंय?”

धम्मप्रिया म्हणणार होती, मला काय झालंय. तोंड उघडलं आणि दुसरंच आलं. उजनीकाठच्या त्या मासे धरणाऱ्या माणसाचं आलं, जो हेल्पलाईनला फोन लावायचा आणि काही न बोलता नुसता धरून ठेवायचा. कुणीतरी श्वास घेतंय एवढं ऐकू आलं तरी पुरे म्हणायचा. मग माढ्याच्या सिद्रामचं आलं. त्याच्या बायकोनं तिला दारातूनच सांगितलं होतं की तो आता नाही, आणि यादीत त्याच्याही नावापुढं सेवा पूर्ण असंच होतं. मग आईचं आलं, जी रोज काहीतरी सांगायला येते आणि तिला उद्यावर ढकललं जातं. ती किती वेळ बोलली कुणास ठाऊक. बसव्वानं मधे हूं सुद्धा केलं नाही. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

“लई झालं की, ताई,” शेवटी ती म्हणाली. एवढंच.

पुढं जे झालं ते असं. संस्कृती पुढच्या सात मंगळवारांपैकी चार मंगळवार गेली. एकदा परीक्षा आडवी आली, एकदा विड्यांचा ठरलेला आकडा भरायचा राहिला होता, आणि एकदा ती सरळ म्हणाली की आज मला बोलायचं नाही. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, तेही चालतं. नववीचे मार्क कमी पडले, पण वर्ष गेलं नाही. आजी-नातीची भांडणं वाढली. चंद्रव्वाच्या मते ही चांगली गोष्ट होती, कारण आधी त्या घरातून आवाजच यायचा नाही.

ऋतुजानं वरिष्ठांना पत्र लिहिलं आणि उत्तर यायच्या आतच गुरुवारी दुपारी बसव्वाला फोन करायला सुरुवात केली, स्वतःच्या नंबरवरून, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत. इंग्रजी अक्षरांतली मराठी यंत्राला शिकवणार असं संस्थेनं कळवलं. कधी, ते कळवलं नाही.

अहवालाच्या कोष्टकात एकोणचाळीस नंबर राहिला नाही. डॉ. शेळक्यांनी त्याऐवजी शेवटी दोन पानं जोडू दिली आणि ती धम्मप्रियानं लिहिली. त्यात तिनं मांडलं की एका नंबरमागं एकच माणूस आहे असं धरणं हीच पहिली चूक होती. गप्प झालेल्या माणसाला बरा झालेला समजणं ही दुसरी. तिनं ती पानं चार वेळा लिहिली. चौथ्यांदाही तिला ती अपुरी वाटली. तरी दिली.

करार संपला त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. धम्मप्रियानं पिशवी खाली टाकली, भिंतीला टेकून तिच्याजवळ बसली आणि डोळे मिटून म्हणाली, “सांग.”

“काय सांगू?”

“जे राहिलंय ते.”

आईनं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग ताटलीतले खडे बाजूला काढत, पार जानेवारीतल्या एका गोष्टीपासून तिनं सुरुवात केली.